तळाशी साखर

नव्या शर्टात दुकानदार किती टाचण्या खोचून ठेवतो, याचा ठाव आजवर कुणालाच लागलेला नाही. घालणाऱ्याला वाटतं सगळ्या निघाल्या. शेवटची एक मात्र कुठेतरी दबा धरून योग्य वेळेची वाट बघत बसलेली असते. माझ्या शर्टातली बगलेत होती. आणि तिने निवडलेली वेळ अशी, की आमचे साहेब टेबलावर दोन्ही तळहात टेकवून विचारत होते, "आजपासून आपल्या कार्यालयात चहा बिनसाखरेचा. कोण कोण तयार आहे?"

टाचणी टोचली. माझा हात सरळ छताकडे गेला.

"वा!" साहेब म्हणाले, "याला म्हणतात पुढाकार!"

हेडक्लार्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातला घास उचलला होता. साहेबांना खूश करण्याच्या रांगेत त्यांच्या पुढे कुणी उभं राहायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित नियम. मागे पडले ते भरून काढायला त्यांनी हात तर वर केलाच, वर उभेही राहिले. हेडक्लार्क उभे म्हटल्यावर टायपिस्ट बाईंचा हात गेला. तराजूंचे काटे दुरुस्त करणारे काटेकाका तेवढ्यात डुलकीतून जागे झाले. बघतात तो सगळीकडे हातच हात. बहुतेक दरोडा पडलाय असं वाटून त्यांनी दोन्ही वर केले.

"एकमताने!" साहेब म्हणाले.

दारात किटली घेऊन मावशी उभ्या होत्या. त्यांनी एकेका हाताकडे पाहिलं. ही सगळी माणसं रोज त्यांच्यासमोर कप धरून "मावशी, अजून अर्धा चमचा" म्हणणारी. मावशींचं तोंड उघडलं. पण साहेबांनी "मग ठरलं!" म्हणून बैठक संपवली, आणि ते तोंड तसंच मिटावं लागलं.

मावशींच्या बाबतीत ही नवलाचीच गोष्ट. उघडलेलं तोंड रिकामं मिटायची त्यांना सवय नव्हती.

त्यांना सगळे 'फटकळ मावशी' म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण मागे म्हटलं तर त्या विचारत, "मागे का? मी इथेच होते की." हा गुण जन्मजात. शाळेत असताना मुख्याध्यापक वक्तशीरपणावर बोलायला आले आणि उशिरा आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिमुरड्या मावशींनी उभं राहून विचारलं, "सर, तुम्हाला कुणी बाकावर उभं करणार का?" मग स्वतःच भाषण संपेपर्यंत बाकावर उभ्या राहिल्या. "बरंच झालं," त्या सांगतात, "वरून सरांचं टक्कल छान दिसत होतं."

लग्न झालं ते एका बसड्रायव्हरशी. माणूस मितभाषी. घंटी वाजली की निघायचं, वाजली की थांबायचं, एवढाच त्याचा जगाशी संवाद. नवी नवरी घरात येऊन चार दिवस झाले नव्हते, तोच थोरले दीर जेवणानंतर साधेपणावर बोलायला बसले. माणसाच्या गरजा कमी असाव्यात, वस्तूंचा मोह सुटला पाहिजे वगैरे. मावशींनी भांडी आवरता आवरता विचारलं, "दादा, तुम्ही बसलाय ती खुर्ची आत आणायला दार काढावं लागलं होतं ना?" दीर पुढे कित्येक महिने स्वयंपाकघरातून जेवून परत जात, बैठकीत थांबत नसत. नवरा फक्त एवढंच म्हणाला, "अगं, तुझ्या जिभेला हाड नाही." मावशी म्हणाल्या, "कुणाच्याच नसतं. तुम्ही तपासून बघा."

पहिली नोकरी खोकी बनवायच्या कारखान्यात. तिथले मॅनेजर दर आठवड्याला सांगत, आपण सगळे एक कुटुंब आहोत. मावशींनी विचारलं, "मग तुम्ही कुटुंबाबरोबर जेवायला का बसत नाही?" कुटुंबाने त्यांना पुढच्या आठवड्यात घरी पाठवलं. तेव्हा नवऱ्याने आयुष्यातला सर्वांत लांब सल्ला दिला: "तू अशा जागी काम कर, जिथे समोरच्याच्या तोंडात काहीतरी असेल. म्हणजे तो लगेच उलट बोलणार नाही."

म्हणून मावशी चहाकडे आल्या.

आमचं कार्यालय वजनमापं तपासायचं. दुकानदार आपले तराजू, पितळी वजनं, लिटरची मापं घेऊन येतात, आम्ही ती आमच्या नमुन्याच्या वजनांशी ताडून बघतो, बरोबर असली की शिक्का मारतो. शिक्का मारणारा मी. जिन्याखाली एक अरुंद खोली होती, जप्त केलेली खोटी वजनं तिथे पडून असत. ती खोली मावशींना मिळाली. त्यांनी खोटी वजनं एका कोपऱ्यात रचून त्यांवर फळी टाकली आणि बसायची सोय केली. खिळ्यांना कप टांगले. ट्रेएवढी खिडकी होती, तिची काच घासून घासून अशी केली की बाहेरचं झाड आत आल्यासारखं वाटावं. हळूहळू असं झालं, की माणसं चहा प्यायला जात आणि घरचं सगळं सांगून येत. टायपिस्ट बाईंच्या मुलीचं रुसून माहेरी येणं, काटेकाकांचा गुडघा, हेडक्लार्कांची सासू, सगळं त्या फळीवर बसून गेलेलं. मावशी ऐकत आणि शेवटी असं एक वाक्य बोलत, की माणूस तीन दिवस रागावे आणि चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या तसंच वागे.

तर बैठक झाली त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, हेडक्लार्क मांजराच्या पावलांनी जिन्याखाली आले. आधी मागे बघितलं, मग वर, मग विनाकारण स्टोव्हच्या खाली.

"मावशी, माझ्या कपात तेवढी... नेहमीसारखी."

"काय नेहमीसारखी?"

"हळू बोला हो! साखर."

"अहो, सकाळी उभं राहून हात वर केलात ना?"

"ते झालं. आता सगळेच पाळतायत म्हटल्यावर मी एकटा कसा मागे राहू? पण बिनसाखरेचा चहा म्हणजे गरम पाण्यात जुनं दप्तर. कुणाला सांगू नका, शब्द द्या."

"दिला. चमचा?"

"छे छे! चमचा दिसला की भांडं फुटलं. बिनसाखरेच्या चहात चमचा कशाला? तुम्ही साखर तळाशी टाका फक्त. ढवळायचं मी बघतो."

हेडक्लार्क गेले आणि टायपिस्ट बाई आल्या. "मावशी, बाकीचे कसे करतात कोण जाणे, माझं तर डोकं दुखायला लागलं." मग काटेकाका. ते म्हणाले, "या वयात व्रत सुरू करायचं म्हणजे निवृत्तीनंतर कामावर रुजू होण्यासारखं आहे." मग मी गेलो. मी काय म्हणालो ते सांगण्यात अर्थ नाही, टाचणीचं मात्र सांगितलं. मावशी म्हणाल्या, "टाचणी काढलीत ना? मग हात खाली का नाही घेतलात?"

संध्याकाळी, सगळे गेल्यावर, जिन्याखाली पुन्हा पावलं वाजली. साहेब.

"मावशी, एक विनंती होती."

मावशींनी साखरेचं झाकण उघडलंच. "तुम्हीसुद्धा?"

साहेबांचा चेहरा खरोखर व्याकूळ झाला. "आता मीच माघार घेतली तर या लोकांचं काय होईल? बिचारे किती मनापासून पाळतायत!"

मावशींना हसू फुटेना आणि रडूही येईना. ठसका लागला.

अशा तऱ्हेने आमचं कार्यालय बिनसाखरेचं झालं. दारावर तशी पाटीही लागली. साखर पूर्वीइतकीच लागत होती, फक्त आता ती तळाशी बसत होती. चमचे कपाटात गेले आणि ज्याने त्याने आपापला मार्ग काढला. हेडक्लार्क लाल पेन्सिलीने ढवळत. टायपिस्ट बाईंच्या खणात एक विणायची सुई आली. काटेकाकांकडे बारीक वजनं उचलायचा पितळी चिमटा होता, त्याच्या शेपटाने ते असं हळुवार ढवळत की कप झोपेत असेल तर जागा होऊ नये. मी पट्टी वापरे. साहेब दार लावून घेत, त्यामुळे त्यांचं कळायला मार्ग नव्हता. पण मावशींना कप विसळताना सगळं कळे. लाल कडेचा कप कुणाचा, लोकरीचा धागा कुणाच्या कपात, आणि शाईचा निळा ओघळ फक्त साहेबांच्या.

एवढं सगळं पोटात, आणि शब्द दिलेला! ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाची विसंगती दिसल्यावर श्वास घेण्याएवढासुद्धा उशीर केला नाही, तिच्या तोंडाला कुलूप. ते लावणारीही तीच. मावशी किटलीशी बोलू लागल्या. घरी जेवताना त्या इतक्या गप्प बसत, की नवऱ्याने एकदा घास खाली ठेवला.

"बरं वाटत नाही का?"

"बरं आहे."

"मग बोल ना काहीतरी. माझी भाजी तिखट झालीय म्हण. मी केली आहे."

"छान झालीय."

नवरा घाबरला. जन्मभर ज्या शांततेची त्याने आस धरली, ती घरात आल्यावर त्याला घास गोड लागेना.

आणि मग आलं यंत्र.

साहेबांना आपल्या मोहिमेच्या यशाचा इतका आनंद झाला होता की ते तो सांगत सुटले. सांगता सांगता एका यंत्रवाल्याच्या कानावर गेलं. तो चकचकीत बूट घालून आला. बटण दाबलं की बिनसाखरेचा चहा, दूध नको, भांडी नकोत, आणि (हे त्याने आवाज खाली आणून सांगितलं) माणूसही नको. साहेबांनी शुक्रवारी बैठक ठेवली. सगळ्यांची मतं घ्यायची, यंत्र आलं की जिन्याखालची खोली पूर्ववत खोट्या वजनांना द्यायची, मावशींनी घरी बसून आराम करायचा.

आराम हा शब्द ऐकून मावशी फळीवर बसल्या. घरी बसून कुणाचं ऐकणार? नवरा दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली चार बसच्या आठवणींची.

गुरुवारी एकेकाची रांग लागली. आधी टायपिस्ट बाई, डोळ्यांत पाणी. "मावशी, मला तर मुळीच नकोय ते यंत्र. पण सगळ्यांना हवंय, मी एकटी काय बोलणार?"

मग काटेकाका. "माझा विरोध आहे. कडक विरोध आहे. पण सगळे एका बाजूला असताना..."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे हो! हेडक्लार्क, बाई, ते शिक्केवाले..."

शेवटी हेडक्लार्क. त्यांनी तर मावशींचा कप दोन्ही हातांत धरून सांगितलं की असा चहा पुन्हा मिळणार नाही, आणि उद्या आपल्याला यंत्राच्या बाजूने मत द्यावं लागेल म्हणून आजच माफी मागून ठेवतोय.

"द्यावं लागेल म्हणजे? कोण लावतंय?"

"सगळ्यांचं मत आहे, मावशी."

"सगळ्यांचं काय मत आहे?"

"हेच, की सगळ्यांचं तसं मत आहे."

मावशींना त्यांचं डोकं किटलीत घालावंसं वाटलं. एकेकाचं नाव घेऊन सांगितलं असतं तर तिथेच निकाल लागला असता. पण फळीवर सांगितलेलं बाहेर न्यायचं नाही, असा शब्द सगळ्यांनाच दिलेला. घरी गेल्यावर नवऱ्याने ऐकून घेतलं. त्यातलं नेमकं कोण काय म्हणालं हे अर्थात त्यांनी त्यालाही सांगितलं नाही.

"मग उद्या बैठकीत उभी राहा आणि बोल," तो म्हणाला. "आयुष्यभर कुणी न विचारता बोललीस. आता खोली जायची वेळ आली तर मौन?"

"शब्द दिलाय."

"मग खोली गेली."

मावशींनी ताट पुढे ओढलं. "त्यांची तोंडं काय म्हणतात ते मी ऐकलंय. उद्या त्यांचे हात काय करतात ते बघते." आणि मग म्हणाल्या, "भाजी तिखट झालीय हो."

नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला.

शुक्रवारी बैठकीच्या टेबलावर यंत्र ठेवलेलं, शेजारी यंत्रवाला, त्याच्या शेजारी मी. त्याने बटण दाबून सगळ्यांना कागदी कपात चहा दिला. आम्ही प्यायलो. रंग चहाचा होता, बाकी काही ओळखीचं नव्हतं. "हलका आहे," हेडक्लार्क म्हणाले. "पोटाला त्रास नाही," टायपिस्ट बाई म्हणाल्या, आणि कप कुंडीच्या दिशेने सरकवला. काटेकाकांनी एक घोट तोंडात धरून ठेवला होता. गिळावा की नाही यावर त्यांचा विचार चालू होता.

साहेब मत विचारायला उभे राहणार तेवढ्यात मावशी आत आल्या, हातात ट्रे.

"साहेब, मत नंतर घ्या. आधी माझा शेवटचा चहा घ्या, निवतोय."

नाही कोण म्हणणार? त्यांनी ज्याचा त्याचा कप ज्याच्या त्याच्यासमोर ठेवला. रोज करत होत्या तसाच. चमचा नाही. मग जायचं सोडून दाराला टेकून उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून.

साहेबांनी बोलायला सुरुवात केली. "मित्रहो, काही महिन्यांपूर्वी आपण एक निश्चय केला..." बोलता बोलता त्यांच्या हाताने खिशातलं पेन काढलं. "लोक म्हणत होते, जमणार नाही..." पेन उलटं झालं. "पण माणसाने ठरवलं तर साखरेवाचून..."

किण, किण, किण.

पेनाचं टोपण कपात गोल फिरत होतं. साहेब बोलत होते, हात आपलं काम करत होता. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. "...साखरेवाचून तो आनंदाने राहू शकतो, हे आपण," किण, किण, "सिद्ध केलं." साहेबांनी घोट घेतला, आणि चेहऱ्यावर समाधान पसरलं.

आम्ही सगळे त्या पेनाकडे बघत राहिलो. हेडक्लार्क मात्र फक्त बघत राहणारे नव्हते. साहेब करतात ते लगेच करायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा बाणा. लाल पेन्सिल कपात उतरली. शेजारी टायपिस्ट बाईंच्या पर्समधून विणायची सुई निघाली. काटेकाकांनी तोंडातला यंत्राचा घोट घाईने गिळला आणि चिमटा काढला. मी पट्टी काढली. खोलीत असा किणकिणाट सुरू झाला की सगळ्या टेबलांवरच्या घंट्या एकदम वाजवल्यासारखं वाटलं.

यंत्रवाला भांबावून इकडेतिकडे बघत होता. "माफ करा, पण बिनसाखरेच्या चहात तुम्ही ढवळताय काय?"

किणकिणाट थांबला. साहेबांनी आपल्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. मग हेडक्लार्कांच्या पेन्सिलीकडे. मग सुईकडे, चिमट्याकडे, पट्टीकडे.

"हेडक्लार्क! तुम्हीसुद्धा?"

"साहेब! तुम्हीसुद्धा?"

पहिल्यांदा काटेकाका हसले. त्यांचं हसणं गुडघ्यापासून सुरू होतं आणि वर यायला वेळ घेतं, पण आलं की थांबत नाही. मग टायपिस्ट बाई सुई हातात धरून हसू लागल्या. साहेब लाल झाले, जांभळे झाले आणि मग टेबलावर डोकं ठेवून इतके हसले की पेन कपातच राहिलं.

"मावशी, तुम्ही सांगितलंत!" हेडक्लार्क ओरडले.

"मी?" मावशी दारातून पुढे आल्या. कुलूप निघालं होतं. "मी एक शब्द बोलले असेन तर किटली डोक्यावर ओता. सगळी माणसं माझ्याकडे येऊन सांगायची, बाकीचे पाळतायत म्हणून मी पाळतो. अहो, बाकीचे होते कोण? बाकीच्यांनाही मीच चहा देत होते! दुकानदाराच्या काट्यात केसाएवढा फरक दिसला तर तुम्ही त्याचा तराजू जप्त करता. आणि तुम्हाला जप्त करून ठेवायचं म्हटलं तर जिन्याखाली जागा पुरेल का?"

"आणि तुम्ही हो?" टायपिस्ट बाई डोळे पुसत म्हणाल्या. "सगळ्यांना खरं बोलायला सांगणाऱ्या! दारावर बिनसाखरेची पाटी, आणि आत तुम्ही इतके दिवस चोरून साखर टाकत होतात!"

मावशींनी मान डोलावली. "टाकत होते. म्हणून तर माझ्या घरी मीठसुद्धा अळणी लागत होतं." आणि त्याही हसायला लागल्या, ट्रे पोटाशी धरून.

मत घ्यायचं राहूनच गेलं. यंत्रवाल्याने यंत्र खोक्यात भरलं, आणि निघताना जिन्याखाली जाऊन मावशींच्या हातचा आणखी एक कप घेतला. साखर किती, असं विचारल्यावर म्हणाला, "दोन. आमच्या ऑफिसात चालत नाही हो."

दुसऱ्या दिवसापासून चमचे कपाटातून बाहेर आले आणि साखरेची बरणी फळीवर उघडी राहिली. आता गंमत बघा. चोरून घ्यायची सोय गेल्यावर काटेकाकांनी साखर खरोखरच सोडली. "पकडायलाच कुणी नाही, तर घालायची कशाला?" म्हणाले. साहेब अर्ध्या चमच्यावर आले, आणि ते मोकळेपणाने सांगतात. हेडक्लार्कही अर्ध्या चमच्यावर आले, कारण साहेब आले.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी जिन्याखाली गेलो. मावशी कप विसळत होत्या, गुणगुणत. खिडकीतलं झाड उन्हात उजळलं होतं. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं की माणूस नको ते बोलतो.

"मावशी, एक सांगू? ही खोली जावी असं मला एक क्षणभरही वाटलं नव्हतं. मनातून मी पहिल्यापासून तुमच्याच बाजूने होतो."

मावशींनी कप उपडा ठेवला, हात पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग तेव्हा काय जीभ भाजली होती?"